आमची वाटचाल : एका वेळी एकच चॅनेल ऐकणारा रेडिओ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची सुरुवात मोटार स्टार्टरच्या पॅनेलपासून झाली. नदीकाठच्या पंपांची पॅनेलं दुरुस्त करायची, नवी बांधून द्यायची, एवढंच काम. पुढे शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांनी विचारलं, भट्टीच्या कूलिंगच्या पाण्याचं तापमान बिनतारी दाखवता येईल का? क्रेन फिरते तिथं वायर टिकत नाही, आणि पाणी तापलं तर कॉइल धोक्यात. ते काम आम्ही घेतलं आणि धंद्याची दिशाच बदलली.

२.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, आमच्या बिनतारी मॉड्यूलला ११ ते २६ क्रमांकांचे १६ चॅनेल मिळतात. वायफायचे चॅनेल क्रमांक वेगळे; ते त्याच्या १, ६ आणि ११ वर असेल तर कागदावर आमचे १५, २०, २५ आणि २६ मोकळे. पण शेडमध्ये शेजारच्या कारखान्याचा राउटर, कामगारांच्या मोबाइलचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ, सगळं तिथंच येतं. शिफ्ट बदलली की चित्र बदलतं. सारखं ऐकत बसावं तर बॅटरी संपते, कारण अशा छोट्या रेडिओला ऐकायला लागणारा करंट जवळपास पाठवण्याइतकाच असतो. शिवाय रेडिओ एकच. मग ऐकायचं कुठं?

हा प्रश्न कॉग्निटिव्ह रेडिओवाल्यांनी, म्हणजे आजूबाजूची परिस्थिती ओळखून स्वतःच बदलणाऱ्या रेडिओवर काम करणाऱ्यांनी, आधीच हाती घेतला होता. जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये ती कल्पना मांडली. त्यातून पुढे परवानाधारकाची रिकामी लहर दुसऱ्यानं तात्पुरती वापरायची आणि मालक आला की सोडायची, हा विचार वाढला. आमच्या बँडला परवाना लागतच नाही, तिथं मालक कोणीच नाही. पण मोजकंच ऐकून चॅनेल निवडायची अडचण तीच. २००८ साली छिंग झाओ, भास्कर कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला नियम आमच्या पोरांनी वाचला तेव्हा आनंदच झाला, इतका तो साधा आहे. चॅनेल मोकळा मिळाला तर तिथंच थांबा. गर्दी दिसली तर ज्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ फिरकला नाहीत त्याच्याकडे जा. सगळे चॅनेल एकाच स्वभावाचे, आत्ताचा मोकळा पुढच्या क्षणीही मोकळा असण्याची शक्यता जास्त आणि ऐकण्यात चूक नाही, एवढं धरलं तर याहून सरस नियम नाही, हे पुढे सिद्धही झालं.

शिरोलीतले चॅनेल मात्र एका स्वभावाचे नाहीत. म्हणून आम्ही नियमाला जोड दिली: प्रत्येक चॅनेलची अलीकडची नोंद युनिट स्वतः ठेवतं, आणि जुन्या नोंदीचं वजन हळूहळू कमी करतं. दुसरी गोष्ट आमच्या मते जास्त महत्त्वाची. भट्टीजवळच्या युनिटला शांत वाटणारा चॅनेल लोखंडी शेडच्या पलीकडे ऑफिसातल्या रिसीव्हरजवळ गजबजलेला असू शकतो. त्यामुळे नुसत्या कानावर विसंबायचं नाही. रिसीव्हरची पोच आली नाही की तो चॅनेल आम्ही भरलेला धरतो. स्वस्त युनिटमध्ये हे एवढं केलं तरी फार फरक पडतो.

आता तीच पद्धत नदीकाठच्या पंपांवर नेतोय, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये, कारण नदीकाठी अंतर जास्त आणि या लहरी लांबवर पोचतात. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी चढायच्या आत मोटारी वर काढाव्या लागतात, म्हणून या युनिटला पाण्याच्या पातळीचा सेन्सरही जोडलाय. पातळीचा निरोप तापमानाच्या आकड्याआधी जावा, यासाठी सध्या प्रोग्रॅम बदलायचं काम सुरू आहे.