मागच्या सीटचे बेल्ट जातात कुठे?

नवीन गाडी घेतली की शोरूममधून देवळात आणि देवळातून थेट सीट कव्हरच्या दुकानात, हा आपला ठरलेला रूट. तिथला मुलगा मागची सीट उचलतो, कव्हर मस्त ताणून बसवतो आणि बेल्टची बकलं असतात ना ती खाली दाबून टाकतो, कारण वर ठेवली तर बसताना टोचतात असं गिऱ्हाईकच सांगतं. झालं, त्या दिवसापासून मागचे बेल्ट संपले. मी हल्ली कोणाच्याही गाडीत मागे बसले की आधी सीटच्या फटीत हात घालून बकल शोधते. बिस्किटाचा चुरा निघतो, टोलची पावती निघते, केसांचं रबर निघतं, बकल सगळ्यात शेवटी. आणि तेवढ्यात गाडीवाला म्हणतोच, अगं राहू दे, मागे कोण पकडतंय.

पकडण्याचा प्रश्नच नाहीये हो. नियम आहेच, मागच्यांनाही बेल्ट लागतो, नाही लावला तर 1000 रुपये दंड, पण तो बाजूला ठेवा. आपल्याकडे मागे बसतं कोण ते बघा ना. आजी, आजोबा, बायका, पोरं. म्हणजे घरातली सगळी जिवाची माणसं मागे आणि बेल्ट फक्त पुढच्या दोघांना!

4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला. भारीतली मर्सिडीज होती. पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांच्या तपासात आलं. तेव्हा महिनाभर सगळे बोलत होते, मुंबईत ट्रॅफिक पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला, आणि मग परत आपलं येरे माझ्या मागल्या. त्या एकाच वर्षात देशभरात बेल्ट न लावलेली 16,715 माणसं गेली, आणि त्यातली 8,331 गाडी चालवत नव्हती, नुसती बसलेली होती. हा सरकारी आकडा आहे.

होतं काय की गाडी 80 ने चाललेली असते तेव्हा आपणही 80 नेच चाललेलो असतो. गाडी धडकून थांबते, आपण थांबत नाही. मागचा माणूस सरळ पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, आणि त्या सीटवर कोणीतरी आपलंच बसलेलं असतं, त्याने बेल्ट लावलेला असला तरी मागून 60-70 किलोचं अंग त्याच्या पाठीवर येतं. म्हणजे मागच्याचा बेल्ट पुढच्यालाही वाचवतो, हे मी घरी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा आमच्या सासूबाईंनी न बोलता बेल्ट ओढून घेतला, कारण पुढे मुलगा बसलेला.

आणि ते "आमची सहा एअरबॅगवाली आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा नीट बघा. बहुतेक गाड्यांत समोरून उघडणाऱ्या बॅगा फक्त पुढच्या दोघांसाठी असतात, मागच्यांना मिळतात त्या काचेच्या बाजूने पडद्यासारख्या. समोरून धडक बसली तर मागच्याला बेल्टच, दुसरं काही नाही. बाळाला मांडीवर घट्ट धरलंय म्हणून चालत नाही, धडकेत ते कोणाच्याही हातातून सुटतंच, त्याला चाइल्ड सीटच लागते. बारशाला सोन्याच्या अंगठ्या देण्यापेक्षा चार जणांनी मिळून ती द्या ना.

साडीवर बेल्ट नीट बसत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. खालचा पट्टा पोटावर घ्यायचा नाही, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर खाली बसवायचा, कारण हाड झटका सोसतं, पोट नाही सोसत. गरोदर बाईने तर पोटाच्या खालूनच घ्यायचा. वरचा पट्टा छातीच्या मधून, खांद्यावरून, मानेला घासतो म्हणून काखेतून घेतात तसा अजिबात नको. आणि साडीला मोठी पिन लावली असेल तर पट्ट्याखाली येणार नाही बघा.

आता लग्नसराई आहे, भाड्याच्या गाड्या ठरतील. ॲडव्हान्स देतानाच गाडीवाल्या दादांना विचारा की मागचे सगळे बेल्ट चालू आहेत का, आणि बकलं वर काढलेली असतील तसा फोटो पाठवा म्हणा, पाठवतात, मी मागवते. सातच बेल्ट असतील तर सातच माणसं बसवा, दहा कोंबू नका. उरलेल्यांनी एसटीने यावं, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी झालेल्यांना तर फुकट.