तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात प्रभूचं नाव घेत नाही, मग हे पाचारण कसलं?

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासना संपली की कोणीतरी विचारतंच, "ताई, शिकवणं हे पाचारण, देवाचं बोलावणं, म्हणता, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत काय करता, मिशनच्या शाळेत जा ना, तिथं निदान प्रार्थना तरी घेता येईल." आणि गावात नेमकं उलटं, "मॅडम, पोट्ट्याईले तुमचा धर्म तं नाही शिकवत ना?" दोन्हीकडं हसून वेळ मारून नेत आले, आता थकले, म्हणून एकदाचं लिहिते.

गावातल्यांना उत्तर सोपं आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही असं संविधानाचं 28 वं कलम सांगतं, मी ते पाळते, आणि नुसता नियम म्हणून नाही, मनापासून पटतं म्हणून पाळते. दुसऱ्याचं लेकरू माझ्या भरवशावर पाच तास बसतं, त्या भरवशाचा मी फायदा घ्यायचा?

मंडळीतल्यांना समजावणं मात्र मला आजही जमत नाही. ते मिशनरी हिस्लॉपसाहेबांचं उदाहरण देतात, 1845 मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे. खरंच आहे, माझे आजोबाही मिशनच्याच शाळेत शिकले, ती शाळा नसती तर मीही आज शेतातच असते. पण आमच्या खेड्यात आज कोणती मिशनची शाळा आहे? लेकरं जिथं आहेत तिथं मी गेले, एवढंच. 2004 मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले, महिन्याला 3,000 मानधन, तीन वर्षं तशीच काढली, तेव्हा पाचारण आहे की नाही असा प्रश्न पडला नव्हता.

पडला तो नंतर. मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगताना, ही गोष्ट मी सांगत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

दिवाळीनंतरचे दिवस, कापूस फुटलेला, चौथीतला एक मुलगा बारा दिवस गायब. तेराव्या दिवशी आला तो उशिरा, वही नाही, गृहपाठ तर नाहीच, त्या आठवड्यात मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब हे सगळं माझ्याच डोक्यावर आणि दुसरे सर ट्रेनिंगला, म्हणजे दोन खोल्या आणि चार वर्ग मी एकटी. (ही कारणं मी अजून देते, बघा.) मी म्हटलं हात पुढं कर. त्यानं केला. मी फूटपट्टी मारली, दोनदा, जोरात. तो रडला नाही, नुसता हात उघडाच ठेवून उभा राहिला, आणि तेव्हा मला दिसलं, बोटांची टोकं बोंडाच्या वाळल्या काट्यांनी चिरलेली होती, नखाच्या कडेला रक्त सुकून काळं झालेलं, तळव्यावर उभ्या आडव्या रेघा. बारा दिवस आजीसोबत किलोच्या भावानं कापूस वेचत होता तो. त्याच हातावर मी मारलं. लेकराला मारायचं नाही हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे, मला माहीत होतं, आणि कायदा नसता तरी माझ्या प्रभूला मी काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. रविवारी उपासना सोडून मी शेतात गेले. आजी पऱ्हाटीत वाकलेली, कमरेच्या ओटीत कापूस. म्हणाली, "काहून आल्या मॅडम? पोट्टं भेते तुमाले." तो पऱ्हाटीच्या दोन ओळींपलीकडं उभा होता, जवळ आला नाही. मी तिथूनच म्हटलं, माझी चूक झाली रे बाबू, मला माफ कर. तो काही बोलला नाही. आजीच कानकोंडी झाली, "मास्तरनं मारलं तं काय झालं" म्हणाली, आणि ते मला जास्त लागलं.

तो पुढच्या आठवड्यात आला, होळीपर्यंत येत राहिला, मग घरचे विटाभट्टीवर गेले. पुढचं माहीत नाही.

त्याआधीची मी साक्षीत ठासून सांगायची की देवानं मला धीर दिला आहे. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, कोणता धीर? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय जास्त कडक होईल. ते वचन मी कितीदा वाचलं होतं, पण माझ्यासाठी आहे असं वाटलंच नव्हतं. आणि तरी कबरेपाशी मरीयेनं पुन्हा उठलेल्या येशूला ओळखलं तेव्हा तिच्या तोंडून "रब्बूनी" हाच शब्द निघाला, म्हणजे गुरुजी. तो शब्द वाचला की नोकरी सोडवत नाही. हे उत्तर पुरेसं नाही, मला कळतं, मिशनच्या शाळेत गेले असते तर ती फूटपट्टी उचलली नसती का, तेही मला सांगता येत नाही.

या आठवड्यात पुन्हा वेचणी सुरू झाली, चौथीतली दोन पोरं चार दिवसांपासून नाहीत. उद्या शाळा सुटली की त्यांच्या घरी जायचं आहे, उशीर झाला तर शेतात.