ऑर्डर उद्या द्या

घरोघरी होणाऱ्या आमच्या भांड्यांच्या डेमोच्या दिवशी ऑर्डर घेतली जात नाही. हे ऐकून ओळखीतले सगळे व्यापारी हसतात. महाद्वार रोडला कापडाचं दुकान असलेले आमचे एक नात्यातले मामा तर दर वेळी म्हणतात, "गिऱ्हाईक समोर बसलंय आणि तू त्याला उद्या फोन कर म्हणतीस? शहाणी हायस का?"

मी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची भांडी विकते. तवा, कढई, आप्पेपात्र, फोडणीचं छोटं भांडं. शिरोलीच्या एका फौंड्रीतून ओतून येतात. ओतकाम कोल्हापूरला नवं नाही. आधी उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार व्हायची, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावात फौंड्र्या वाढल्या, आता गाड्यांचे सुटे भाग इथून लांब लांब जातात. एवढं लोखंड वितळवणाऱ्या गावात तव्याला गिऱ्हाईक शोधायला मात्र घरोघरी जावं लागतं. दुकानात तवा खिळ्याला टांगलेला असतो. बाई तो काढते, हाताला वजन लागतं, "अगं बाई" म्हणते आणि परत अडकवते. संपला विषय. दहा इंची तवा दोन किलोच्या आसपास भरतो, आणि त्या दोन किलोंचा उपयोग काय, हे खिळ्यावर टांगून कळत नाही.

टपरवेअरचंही असंच झालं होतं. 1946 साली ते डबे अमेरिकेत बाजारात आले तेव्हा दुकानात खपेनात. झाकण दाबून आतली हवा काढायची, हे कुणी करून दाखवल्याशिवाय लोकांना कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं ते घरगुती बैठकांमधून विकले, आणि 1951 पासून कंपनीनं दुकानातली विक्रीच थांबवली. 1996 मध्ये टपरवेअर भारतात आलं, पुढं आमच्या राजारामपुरीतही त्या पार्ट्या झाल्या. आई जायची. येताना दर वेळी एखादा डबा घेऊन यायची, आणि तो आवडला म्हणून आणलेला नसायचा. "तिच्या घरी चहा प्यायला, नाही कसं म्हणायचं?" असं सरळ सांगायची. त्या पद्धतीत पार्टीत जितकी विक्री होईल तितकी यजमानीणबाईची भेटवस्तू मोठी. म्हणजे मैत्रिणीनं बोलावलंय, तिचा फायदा आपल्या पाकिटात अडकलाय, आणि आपण तिच्याच सोफ्यावर बसलोय. माणूस घेतोच.

प्लॅस्टिकच्या डब्याचं ठीक आहे, तो फ्रीजमध्ये खपून जातो. भिडेखातर घेतलेली बिडाची कढई थेट माळ्यावर जाते आणि तिथं गंजते. मग ती बाई चार जणींना सांगते, "घेऊ नका, गंजतंय." म्हणून माझी सगळी आखणी ही भीड काढून टाकण्यासाठी असते. घर देणाऱ्या बाईला मी एक फोडणीचं भांडं देते. ते आल्या आल्या, डेमोच्या आधीच. नंतर एक नग विकला जावो नाहीतर वीस, तिचा त्याच्याशी संबंध नाही.

निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, पण मजकूर मी लिहून देते. त्यात भांडी विक्रीला असतील हे पहिल्याच ओळीत असतं. हळदीकुंकवाला बोलवायचं आणि वाण देऊन झाल्यावर पिशवी उघडायची, हा प्रकार मला मुळीच आवडत नाही. शिवाय संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीला एका संध्याकाळी पाच घरं करायची असतात. काठापदराची साडी नेसून तव्यापुढं कोण उभं राहील? त्यापेक्षा भिशी बरी. बायका एकमेकींना ओळखतात, तास-दीड तास बसायच्या तयारीनं येतात आणि तोंडावर खरं बोलतात. आठ-दहा जणी पुरे. पंधरा झाल्या की मागच्या पाच जणी सोन्याच्या भावावर बोलायला लागतात.

वेळ दुपारी साडेतीनची. जेवणं आवरलेली असतात, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अवकाश असतो. नळाला पाणी कधी येतं ते आधी विचारून ठेवायचं. पाणी आलं की अर्ध्या बायका उठून जातात आणि त्यांचं बरोबरच आहे.

मटण मी डेमोला करत नाही. कोल्हापुरात बसून असं म्हणणं म्हणजे जरा धाडसच. पण सुक्क्याला वेळ लागतो, आणि प्रत्येकीची मटणाची पद्धत वेगळी असल्यामुळं भांडं बाजूला राहून खोबरं भाजायचं की कच्चं वाटायचं यावर सभा भरते. वारांची अडचण वेगळीच: सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी वगळली तर उरतं काय? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काही घरांत मटणाचं भांडं वेगळं असतं. माझ्या तव्यावर काल काय शिजलं होतं हा प्रश्न त्यांच्या मनात येतो, तोंडावर येत नाही. म्हणून डेमोचा संच मी फक्त शाकाहारी ठेवलाय आणि सुरुवातीलाच तसं सांगते. दोन-तीन चेहरे लगेच मोकळे होतात.

पहिल्यांदा आंबोळी. पीठ घरून आंबवून नेते. तवा बारीक आचेवर निवांत तापू द्यायचा, हीच पहिली शिकवण, कारण बीड अ‍ॅल्युमिनियमसारखं पटकन आणि सगळीकडं सारखं तापत नाही. एकदा तापलं की मात्र उष्णता धरून ठेवतं. पाण्याचे थेंब टाकून बघायचे. नुसते चरचरून आटले तर अजून थांबायचं, मोत्यासारखे पळायला लागले की तयार. एवढा वेळ नुसतं उभं राहणं अवघड असतं, तेव्हा मी तव्याच्या काळ्या थराबद्दल बोलते. तो रंग नव्हे, तेल तापून तापून लोखंडावर घट्ट बसलेला थर आहे, आणि वापराल तसा तो वाढत जातो.

आंबोळी मी घालत नाही. बसल्यापासून "हे चिकटणार बघा" म्हणणारी एक तरी असतेच, पळी तिच्या हातात. शाहूपुरीतल्या एका डेमोत एक काकू कोपऱ्यातून सारख्या सांगत होत्या की असले तवे आमच्या आजीनं भंगारात घातले. त्यांनाच म्हटलं, या. "मी घालतो की, त्यात काय," म्हणत पदर खोचून उठल्या. आंबोळीच्या कडा सुटल्या, उलथनं खाली सहज गेलं, आणि पुढची पंधरा मिनिटं तवा त्यांच्याच ताब्यात. माझ्या तोंडून तासभर जे पटलं नसतं ते त्यांच्या हातानं दोन मिनिटांत पटलं. सासू-सुना एकाच बैठकीला असल्या तर मी उलथनं सुनेच्या हातात देते. का, ते सुनांना माहीत आहे.

शेवटी खर्डा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, मीठ, थोडं तेल, आणि तव्यावरच वाटीच्या बुडानं रगडायचं. नॉनस्टिकवर हे करून बघा म्हणावं. जड तवा वाटीच्या जोरानं हलत नाही, त्या दोन किलोंचा उपयोग इथं दिसतो. खर्डा शेवटीच का, तर त्याचा ठसका उठला की बोलणं संपतं, खिडक्या उघडतात, आणि सगळ्या खोकत खोकत हसत असतात. सोबत भाकरी यजमानीणबाईंकडची. त्यांना मी एवढंच करायला सांगते. नाहीतर आपल्याकडचा पाहुणचार म्हणजे ज्यांच्या घरी डेमो त्या आत भज्यांचा घाणा काढत बसणार आणि त्यांनाच काही बघायला मिळणार नाही.

काय करू नका हेही मी सांगते. टोमॅटो, चिंच, कोकम घातलेलं आंबट यात शिजवत ठेवू नका, थर जातो आणि चव बिघडते. तांबड्या रश्श्याला तुमचं नेहमीचं पातेलं चांगलं आहे. शिजलेला पदार्थ रात्रभर यातच ठेवू नका. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, तडकेल. आणि मनगट दुखत असेल तर कढई घेऊच नका. असं म्हटलं की मामा कपाळाला हात लावतील, पण ज्यांना कढई घेऊ नका म्हटलं त्याच आप्पेपात्र नेतात.

यानंतरचा भाग कुणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. भांडी घासणं. सगळ्यांना सिंकपाशी बोलावते. कोमट पाणी, काथ्या, फडक्यानं पुसणं, दोन मिनिटं गॅसवर कोरडं करणं, बोटाला लागेल एवढं तेल चोळणं. विकत घ्यायचं की नाही याचा निर्णय बायका आंबोळी खाताना घेत नाहीत, इथं घेतात. "एवढंच?" असा आवाज आला की समजायचं. आणि "आमच्या मावशी तारेच्या घासणीनं घासतात" असा आला, तर पुढच्या वेळी मावशींनाही डेमोला बसवा म्हणून सांगायचं. मी एकदोन घरी तसं करून घेतलंय.

किमतीच्या चिठ्ठ्या भांड्यांवर आधीच चिकटवलेल्या असतात, म्हणजे "केवढ्याला?" असं चारचौघींत विचारावं लागत नाही. तवा दीड हजाराचा आहे, ज्यांना जड वाटतो त्यांना मनातल्या मनात जड वाटू दे. निघताना प्रत्येकीला नंबर आणि खर्ड्याच्या कृतीची चिठ्ठी. ऑर्डर उद्या, फोनवर, मैत्रिणींच्या नजरेआड. कुणी त्याच दिवशी पैसे काढलेच तरी मी परत ठेवायला लावते. थोडी विक्री सुटत असेल, पण परत आलेलं भांडं जवळजवळ नाहीच, आणि पुढच्या घराचं बोलावणं बहुतेक वेळा त्याच फोनवर येतं.

एक प्रश्न मात्र अजून ठरलेला असतो: "खाली किती माणसं जोडायची?" साखळीच्या धंद्यात हात पोळलेलं कुणीतरी प्रत्येक गल्लीत आहे, त्यामुळं राग येत नाही. नाही म्हणून सांगते, माणसं जोडायची नाहीत, नुसता तवा आहे. कंपन्यांच्या थेट विक्रीसाठी 2021 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम काढलेत. त्यात अशा माणसं जोडायच्या पिरॅमिड योजनांना मनाई आहे, आणि विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय, आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये असंही आहे. मी कुठल्या कंपनीची विक्रेती नाही, माझा माल माझा आणि बिल माझं, पण घरी येणाऱ्या कुणालाही एवढं विचारायची सवय बायकांना लागली तर मला हवंच आहे.

पुढचा डेमो कसबा बावड्यात आहे. यजमानीणबाई हॉलमध्ये इंडक्शनवर करू म्हणत होत्या. बिडाला इंडक्शन चालतं, पण आच हळूहळू वाढवावी लागते आणि त्यांच्या शेगडीला सोळा अँपियरचा प्लग लागतो. त्यांच्या हॉलमध्ये तो फक्त एसीच्या मागं, छताजवळ आहे. तेव्हा स्वयंपाकघरातच, गॅसवर, पाच-पाच जणींच्या दोन पाळ्या. पीठ रविवारी भिजवायचं आहे.