काजूची शेड आणि दोडामार्गचा नाका (आमची वाटचाल)

शेडला यंदा बावीस वर्षं झाली. मुलगा म्हणाला बाबा काहीतरी लिहा, पॅकेटबरोबर छापून देऊ, लोकांना स्टोरी आवडते. पॅकेटवर हे मावणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

२००४ ला गोव्यात डिचोलीच्या पुढे भाटाच्या (बागायतीच्या) कडेला पत्र्याची शेड घातली. दोघे पार्टनर. त्याचं नाव घेत नाही, त्याची मुलं आमच्या घरी चवथीला (गणपतीला) येतात अजून. बी वाफवायला एक बेबी बॉयलर, गर वाळवायला एक बोर्मा (भट्टी) आणि सहा कटर एवढंच सामान. कटर म्हणजे हाता-पायाचा, पायाने पेडल दाबलं की दोन पात्या बीवर येतात, हाताने दांडा फिरवला की टरफल उघडतं. ज्याने चालवलाय त्याला माहीत आहे की सगळा खेळ पात्यांमधल्या फटीचा. गावठी बी बारीक, वेंगुर्ला-चार जातीची मोठी, दोन्ही एका फटीवर कापायला गेलात तर अर्धा गर फुटून तुकड्यात जातो. आमच्या पात्या गावच्या लोहाराकडून करून घेतलेल्या, पाठीवर तो छोटी फुली मारायचा, का ते त्यालाच माहीत. नवीन लोकांना सांगतो, आधी बी चाळून साईज वेगळी करा, मग बॉयलर पेटवा. कोणी ऐकत नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे म्हापशाचे एक भुसारी शेट. त्यांनी पहिल्या वर्षी माल बघायच्या आधी ॲडव्हान्स दिला, का दिला तर म्हणे तुझ्या वडिलांची बी आम्ही घ्यायचो, वजनात कधी मार नव्हता. बस. २४० नंबरचा मोठा गर त्यांचा ठरलेला, त्याहून बारीक ३२० दाखवला तरी हात लावत नसत. बिल पाहिजेच, व्हॅटच्या (जीएसटीच्या आधीच्या विक्रीकराच्या) काळातही पाहिजे होतं, बाकीचे बिल नको म्हणायचे तेव्हासुद्धा. त्यांच्यामुळे आमचे कागद पहिल्यापासून सरळ राहिले, नाहीतर खरं सांगतो, आम्हीही काही संत नव्हतो.

मधली वर्षं बरी गेली. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले सगळे घरी बसले. त्याच वर्षी सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, लिटरला ११ रुपये उतरले, आमची ओम्नी पेट्रोलवर, तेव्हा फार खूष झालो. पण खाणीची रॉयल्टी गेली तर सरकार ते पैसे कुठून आणणार हे तेव्हा डोक्यात आलं नाही, पुढे तो व्हॅट हळूहळू परत चढला तेव्हा आलं.

२०१३ ला पार्टनर वेगळा झाला. भांडण मजुरीवरून. त्याचं म्हणणं, इकडे वर्षातून दोनदा एप्रिल आणि ऑक्टोबरला डीए (महागाई भत्ता) वाढतो, दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा), वीस झाली की पीएफ, वर बोनस, हे कोण भरणार, चल महाराष्ट्रात दोडामार्गला जाऊ, हद्दीवरचा नाका ओलांडला की झालं. मी नाही म्हटलं. तो गेला. जाताना दोन चांगल्या कटरवाल्या बायका, तीन कटर आणि पणजीची चार दुकानं घेऊन गेला. लिहून काही ठेवलं नव्हतं (पार्टनरशिप डीड करा, सख्खा भाऊ असला तरी करा). तिकडे त्याने दोन नावांनी दोन फर्म काढल्या, एका पत्र्याखाली, मध्ये नुसता प्लायवूड, म्हणजे कुठल्याच वहीत वीस डोकी दिसायला नकोत.

आता हे लिहितो तेव्हा माझंही लिहायला हवं. मी सात वर्षं १९ वर थांबलो होतो. ऑर्डर असताना विसावं माणूस घेतलं नाही, कारण त्या एका माणसाचा खर्च त्याच्या पगाराएवढा नव्हता, सगळ्या वीस जणांच्या पीएफचा होता. कायदा करणाऱ्याला वाटतं की वीसची रेघ मारली म्हणजे लहान धंद्याला सूट मिळाली, प्रत्यक्षात त्या रेघेपाशी येऊन धंदे बसून राहतात, वाढतच नाहीत. तो प्लायवूड घालून बसला, मी प्लायवूड न घालता बसलो, एवढाच फरक.

तरी २०१७ पर्यंत त्याचा माल आमच्या बाजारात फार मारत नव्हता. कारण नाका. महाराष्ट्रातून माल आणायचा तर सी फॉर्मवर २ टक्के सीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या मालावरचा केंद्राचा विक्रीकर), त्याचा सेट ऑफ नाही म्हणजे तो पुढच्या टॅक्समधून वजा होत नाही, फॉर्म मिळवायची कटकट, नाक्यावर गाडी थांबणार, कागद दाखवा, परत जा. आम्ही त्या नाक्याला शिव्या घालायचो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाका गेला, आम्ही पेढे वाटले. दिवाळीपर्यंत पणजीत त्याचा गर किलोमागे चाळीस रुपये खाली मिळायला लागला, तोही पाकिटावर गोव्याचे काजू लिहून. तेव्हा कळलं की तो नाका आमची भिंत होता. टॅक्स दोन्हीकडे एक झाला की मग शेवटी उरते ती मजुरी, आणि मजुरी अजून राज्याराज्याची वेगळीच. केरळात हेच फार आधी झालेलं, कोल्लमचे कारखाने मजुरीसाठी तामिळनाडूत गेले. आम्हाला वाचून माहीत होतं, पण ते दुसऱ्यांचं वाटायचं.

मग २०१८ चा मार्च. हा महिना मी मरेपर्यंत विसरणार नाही.

काजूवाल्यांना सांगायला नको, बी मार्च ते मे तीन महिन्यांत घ्यायची आणि वर्षभर फोडत बसायचं. शेतकऱ्याकडून बी घेतली की जीएसटी आपणच भरायचा, रिव्हर्स चार्ज, ५ टक्के, तोही रोख, क्रेडिटमधून चालत नाही. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढच्या टॅक्समधून वजा होतं, बुडत नाही, पण वापरणार कधी, तर गर विकला जाईल तसं वर्षभर थेंब थेंब. आम्ही तेव्हा ४० टन घ्यायचो, दीडशेच्या भावाने ६० लाखांची बी, म्हणजे ३ लाख रोख बाजूला. ते ३ लाख मी धरलेच नव्हते. सीएने सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल.

त्यात १६ मार्चला खाणी परत बंद. सकाळी शेडच्या दारात बायका उभ्या, शेट काम द्या, नवरा घरी आहे. एक ओळखीचा म्हणाला, आता कशाला पूर्ण रेट देतोस, निम्म्यात येतील. येतीलही होत्या. गावात एकच शेड आणि दारात वीस बायका, तिथे रेट कोण ठरवतो हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. मी निम्म्यात कोणाला घेतलं नाही, पण त्याचं श्रेय मला देऊ नका, कारण त्याच आठवड्यात कामगार खात्याची तपासणी आली होती.

वही उघडली. आमच्याकडे कटिंग किलोवर, जेवढा गर तेवढे पैसे. नियम असा की किलोवर काम दिलं तरी दिवसाचं किमान वेतन पडलंच पाहिजे. चार बायकांचं पडत नव्हतं, दिवसाला साठ-सत्तर रुपये कमी. त्यातली एक थोरली मावशी, पहिल्या दिवसापासूनची, बोटं टरफलाच्या तेलाने कायमची काळी, राख आणि खोबरेल लावून लावून कातडं जाड झालेलं. तिचा हात वयाने मंद झाला होता आणि मी तिच्यावर उपकार म्हणून तिला ठेवलंय असं समजत होतो. साहेबांनी तिला विचारलं, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शेट, हात म्हजे तेच, मागीर पैसे कित्याक उणे?" (हात माझे तेच, मग पैसे कमी का?)

दोन वर्षांचा फरक दीड लाखाच्या वर गेला. दावा चालला असता तर फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते हे वकिलाने सांगितलं, त्या रात्री झोपलो नाही. ३ लाख टॅक्सचे, दीड यांचे, बँकेची लिमिट संपलेली, बी आणून अंगणात वाळत पडलेली. शेड विकायला काढली होती, खरंच, दलाल येऊन मोजून गेला. म्हापशाच्या शेटना सांगायला गेलो की यंदा माल देता येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि चवथीचा पूर्ण माल आत्ताच बिलात घाल म्हणाले. चेक दिला. व्याजाचं काढलं तर म्हणाले, "तुका व्याज कळता जाल्यार टॅक्स कसो कळूंक ना?" (तुला व्याज कळतं तर टॅक्स कसा कळला नाही?)

त्यानंतर किलो बंद, दिवसाचा पगार केला, वर अख्ख्या गरावर थोडा जास्त. मला वाटलं आता सगळ्या आरामात बसणार. झालं उलटं. किलोवर होत्या तेव्हा घाईत फोडायच्या, शंभरात ८२ अख्खे निघायचे. वर्षभरात ८७ वर गेले. वर्षाला साडेदहा टन गर धरा, त्यात पाच टक्के म्हणजे सव्वापाचशे किलो तुकड्यातून अख्ख्यात आला, किलोला अडीचशेचा फरक, सव्वा लाखाच्या वर. चौघींचा वाढीव पगार वर्षाला ८० हजार. हा हिशोब मी तीनदा केला, मुलाकडून एक्सेलमध्येही करून घेतला. पण हे कटिंगला चाललं, गरावरची साल काढायला नाही. तिथे २०१९ ला मशीन घेतलं आणि तीन बायका सुटल्या त्या जागा परत भरल्याच नाहीत. किमान वेतनाने कोणाचं काम जात नाही असं कोणी सांगितलं तर त्याला आमच्या शेडमधली ती तीन रिकामी स्टुलं दाखवीन. विसावा माणूसही त्याच वर्षी घेतला, पीएफ भरतो आता, मेलो नाही.

२०२३ ला गोव्याच्या काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, गेल्या सप्टेंबरला खारे काजू जीएसटीच्या १२ वरून ५ टक्क्यांत आले, बरं झालं. पण बाजारात काहीही गोव्याचं म्हणून खपतं ते खपतंच.

आणि पार्टनर. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला, बारा वर्षांनी धंद्यासाठी पहिला. दोडामार्गच्या पोरी आता सकाळी बसने गोव्यातल्या कंपन्यांत जातात, त्याच्याकडे शेडमध्ये हात काळे करायला कोणी येत नाही, कंपनीएवढा रेट देऊनही येत नाही. एक फर्म बंद केलीय, कटर काढायचेत, घेतोस का. मी भाव पाडला, त्याने थोडा वाढवला, चहा झाला, प्लायवूड अजून तसाच होता. तीन कटर टेम्पोत घालून आणले. शेडमध्ये उतरवून पात्या पुसल्या तर पाठीवर फुली.