ह्यां काय वाचतंस गो?

जूनमध्ये इंग्लंडहून मालवणात आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, थंडी सोसली काय, मासे मिळतात काय, गोऱ्यांचं बोलणं समजतं काय. थंडी सोसली. मासे मिळतात, बांगडा पण मिळतो, आपल्यापेक्षा तेलकट असतो एवढंच. आणि बोलण्याला कान लवकर सरावतात. खरी पंचाईत झाली ती वाचनाची, पण ते कोणी विचारत नाही, म्हणून आज तेच लिहिते.

म्हणजे बघा, इतकी वर्षं बँकेत काढली, होडीच्या कर्जापासून आंब्याच्या कर्जापर्यंत सगळ्या फायली इंग्रजीत, हेड ऑफिसची सर्क्युलरं वाचून शाखेला समजावायचं काम माझ्याच गळ्यात, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतही बरे बँड पडले. चाळिशी ओलांडल्यावर नोकरी सोडून इंग्लंडला किनारपट्टी व्यवस्थापनात मास्टर्स करायला निघाले तेव्हा धास्ती होती ती स्टॅटिस्टिक्सची, इंग्रजीची अजिबात नव्हती. आणि पहिल्या रीडिंग लिस्टनेच आडवं केलं. सगळे शब्द ओळखीचे, पण वाक्य संपलं की हाती काही लागायचं नाही. पाच पाच ओळींचं एक वाक्य, त्यात क्रियापद शोधत जायचं, आणि सापडायचं ते नुसतं 'आहे'. वर्गातली मुलं माझ्या भाचीच्या वयाची, सेमिनारला गंभीरपणे मान डोलवायची, मग मी पण डोलवायची. (निम्मी मुलं फक्त ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा छोटा सारांश, वाचून येतात हे ख्रिसमसच्या सुमारास कळलं. आधी कळलं असतं तर झोप तरी लागली असती.)

युनिव्हर्सिटीत अभ्यासाची कौशल्यं शिकवणारा एक वेगळा विभाग असतो, तिथल्या बाईंनी पहिल्यांदा हे सांगितलं की संशोधनाचा पेपर कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचायचाच नसतो. आधी ॲब्स्ट्रॅक्ट, मग शेवटचा निष्कर्ष, मग तक्ते आणि आकृत्या, आणि तेवढं वाचून कामाचा वाटला तरच आत शिरायचं. श्रीनिवासन केशव नावाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या प्राध्यापकांनी २००७ मध्ये हीच गोष्ट तीन फेऱ्यांमध्ये मांडलीय, पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची, आणि बरेचसे पेपर त्या पहिल्या फेरीतच बाजूला ठेवायचे असतात. आपल्याकडे पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे ताटात अन्न टाकल्यासारखं वाटतं, त्यामुळे ही सवय लागायला मला वेळ गेला.

आणि दोष फक्त आपला नसतो हेही सांगते. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी १८८१ ते २०१५ मधले सात लाखांवर ॲब्स्ट्रॅक्ट तपासले, तर ते वाचायला वर्षागणिक कठीणच होत गेलेले निघाले. वाक्यातून माणूस गायब करायची खोड हे त्यातलं एक मोठं दुखणं, असं आपलं माझं मत. 'सदर बाब शासनाच्या विचाराधीन आहे' वाचून विचार नक्की कोण करतंय ते कळतं का, तसंच. एका पेपरात साधारण अशा थाटाचं वाक्य होतं की 'संसाधन-प्रवेशाच्या संस्थात्मक पुनर्रचनेतून उद्भवणारी संघर्षात्मकता', आणि विषय काय, तर मोठ्या यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळ आल्या, लहान मच्छीमारांना मासा मिळेना, भांडण झालं. यांत्रिक बोटीतून मोठं जाळं टाकणारे पर्ससीनवाले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले यांच्यात काय चालतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको, २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले तेव्हा बँकेच्या काउंटरवर दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून मी पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याखाली लिहायला लागले, कोणी, काय, कोणाला. निम्मी वाक्यं तिथेच सुटतात.

उरलेली निम्मी सुटत नाहीत, आणि तिथे माझा राग थोडा कमी झाला. त्याचं असं झालं की आमच्या विषयात दोन नावं टाळताच येत नाहीत. एक गॅरेट हार्डिन, त्याचा १९६८ चा लेख. सामाईक कुरणात प्रत्येक जण आपलं एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण संपतं, सगळेच बुडतात, म्हणून एकतर खाजगी करा नाहीतर सरकारच्या हातात द्या. इतका सोपा लिहिलाय की एका बैठकीत वाचून झाला, मी तर खूश. दुसऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या बाई. त्यांच्या पुस्तकातलं सिद्धांताचं प्रकरण मला अक्षरशः रडवून गेलं. पण त्या म्हणतात की थांबा, लोक आपसात नियम करून सामाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात, आणि उदाहरण देतात तुर्कस्तानातल्या अलान्या गावच्या मच्छीमारांचं. तिथे सप्टेंबरमध्ये मासेमारीच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकायचे, मग जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेला सरकायचा, त्यानंतर पश्चिमेला, म्हणजे चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला यायची. हार्डिननेच १९९८ मध्ये लिहिलं की 'व्यवस्था नसलेलं' कुरण असं म्हणायचं राहून गेलं. म्हणजे जे गटागटा वाचलं ते अर्धवट होतं आणि जे घशात अडकलं त्यात आमची वाडी होती.

आता डिझर्टेशनसाठी रापणीचे वाटे, म्हणजे मिळालेली मासळी कोणाला किती, हाच विषय घेतलाय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, रापणही पावसात नाही, त्यामुळे लोकांना बोलायला वेळ असतो. शेजारचे आबा मांगरात जाळं शिवत बसतात, मी बाजूला लॅपटॉप घेऊन. "ह्यां काय वाचतंस गो?" म्हणून विचारलं तेव्हा सामाईक गोष्ट टिकवण्याच्या ऑस्ट्रॉमबाईंच्या आठ तत्त्वांतलं 'क्रमवार वाढत जाणारी शिक्षा' हेच पान उघडं होतं, जे मी इंग्लंडात कितीदा तरी वाचून तसंच ठेवलं होतं. मी विचारलं, आबा, रापण ओढूक कोण उशिरा इलो तर काय करतास? सुई न थांबवता म्हणाले, "पयल्यांदा गाळी. परत इलो तसो तर अर्धो वाटो. मगे घेवचोच नाय." झालं, अख्खं पान कळलं. पण आबांचं हे बोलणं आणि अलान्याच्या चिठ्ठ्या एका तक्त्यात शेजारी ठेवायच्या तर तो अवघड शब्द लागतोच, दुसरं काही चालत नाही, हेही खरं.

होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, दोन टोकांचे दोर दोन बाजूंना माणसं ओढतात, हे सगळ्यांनी पाहिलंय, पण जाळ्याचा वाटा किती, होडीचा किती, ओढणाऱ्याचा किती, हे वाडीवाडीत बदलतं आणि ते कुठल्याच पेपरात मला अजून सापडलेलं नाही. तेव्हा देवबाग, तारकर्ली, आचरा, निवती कडे कोणाच्या घरी जुन्या रापण संघाची हिशोबाची वही पडलेली असेल, फाटकी, वाळवी लागलेली कशीही चालेल, तर कळवा, मी घरी येऊन फोटो काढून वही तिथेच ठेवून जाईन. नारळी पौर्णिमेच्या आधी मिळाली तर फार बरं, नंतर कोणी घरी सापडायचं नाही.