तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेला कुठला लॅपटॉप घ्यावा?

लग्नात, प्रशिक्षणात, एकदा तर नवी पेठेत साड्या बघताना कोणीतरी मुख्याध्यापक गाठतात आणि विचारतात, "मॅडम, माजी विद्यार्थ्यांनी पैसे दिलेत. पोरांसाठी छोटे लॅपटॉप घ्यायचेत. कुठला घेऊ?" मी एखाद्या कंपनीचं नाव सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असते. मी विचारते, "खोलीत प्लग किती आहेत?"

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीपलीकडे टॉवेलचे कारखाने. (आमच्याकडे चार माग असले तरी कारखानाच म्हणतात.) शाळेत ५ वी ते १० वी, नवे लॅपटॉप वीस, संगणकाची खोली एक आणि त्या खोलीत तेव्हा प्लग दोन. एका चार्जरला ४५ वॉट धरले तर विसांचे ९०० होतात. साधा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर १३८० वॉटपर्यंत झेपवतो. म्हणजे कागदावर हिशोब बसतो. म्हणून आम्ही एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडून सगळे चार्जर लावले आणि बटण दाबलं. सुरू होण्याच्या क्षणी प्रत्येक चार्जर दणकून करंट ओढतो, ही गोष्ट आमच्या हिशोबात नव्हती. एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारं बटण) पडला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला पंखाही बंद झाला. पुढे वायरमनने मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढून १६ अँपिअरचे दोन पॉइंट काढून दिले. आता दहा-दहाच्या दोन पाळ्यांत चार्जिंग होतं. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

या विसांच्या आधी आम्ही एकदा फसलोही होतो. एका दुकानदाराने जुने ऑफिसातले दहा लॅपटॉप स्वस्तात दिले. "कोअर आय-फाईव्ह आहे मॅडम, नव्याला ऐकत नाही." होती ती इंटेलची आय-फाईव्ह चिपच, पण सहाव्या पिढीची. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दहांवर आता विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकलीय आणि ते चालतात, तक्रार नाही. पण वजन दोन किलोच्या आसपास. पाचवीतली मुलगी तो लॅपटॉप पोटाशी धरून चालायला लागली की माझा जीव खालीवर होतो.

शिवाय त्यांना पंखा. टॉवेलच्या कारखान्यातलं तूस हवेत उडतं, खिडक्या लावल्या तरी आत येतं आणि पंखा ते ओढून घेतो. एका दिवाळीनंतर मी एक मशीन उघडलं, तर पंख्यापुढच्या जाळीवर मऊ पांढरा थर बसला होता, टॉवेलचा तुकडाच कापून ठेवल्यासारखा. हवा जायची कुठून? मशीन तापायचं आणि मध्येच बंद पडायचं. म्हणून आमच्यासारख्यांनी बिनपंख्याचाच घ्यावा. इंटेलच्या एन-मालिकेतल्या ६ वॉटच्या छोट्या चिपवर असे लॅपटॉप मिळतात. सगळेच बिनपंख्याचे नसतात, तेव्हा दुकानात उलटा करून खाली जाळी आहे का ते बघा.

पडदा ११.६ इंची पुरतो. रॅम ८ जीबी असेल तर बरं. ४ जीबी असेल तर ती वाढवता येते का ते विचारा, कारण छोट्या लॅपटॉपांत ती बहुतेकदा बोर्डालाच चिकटवलेली असते. ३२ जीबी साठवणीचा विंडोज लॅपटॉप कोणी फुकट दिला तरी नको म्हणा. त्यात अपडेटलाच जागा पुरत नाही आणि तास अपडेटची टक्केवारी बघण्यात जातो. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, हलकं, सोपं, पोरांच्या हातात बिघडत नाही. पण त्याला अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख ठरलेली असते. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गूगल दहा वर्षं देतं, पण ती तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत. तो प्रकार पहिल्यांदा बाजारात आला तेव्हापासून मोजतात. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची निम्मी वर्षं दुकानातच सरलेली असू शकतात.

बॅटरीबद्दल कोणी विचारत नाही, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात तोच खरा प्रश्न. पहिल्या वर्षी सुट्टीआधी मी मोठ्या शहाणपणाने सगळे लॅपटॉप पूर्ण चार्ज करून वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवले. बाहेर पारा ४२ च्या वर. जूनमध्ये दोघांच्या बॅटऱ्या फुगून टचपॅड वर आले होते. लिथियम बॅटरीला पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र सोसत नाही. साफ उतरवून ठेवली तरी मरते. आता निम्म्या चार्जवर, तळमजल्यावर, तिजोरीशेजारी ठेवतो. शिपाई मामांनी तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, माठाजवळ ठेवू का? गार राहतंय." तेवढं सोडून बाकी त्यांचं बरोबर होतं.

मराठी टायपिंगसाठी मात्र आग्रहाने सांगते, इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी, शिकवा. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारं पोरांना आधी सोपं वाटतं, पण त्यात 'ळ' आणि 'ण' शोधताना ती रडकुंडीला येतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि भारतीय लिप्यांची मांडणी जवळजवळ एकच. आमच्या निम्म्या वर्गाच्या घरी तेलुगू बोलतात. सातवीतल्या एकीने भाषा बदलून मराठीचीच बोटं चालवली, तर पडद्यावर तेलुगूत नानम्माचं, म्हणजे आजीचं, नाव उमटलं. तिला तेलुगू वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती नानम्मालाच शाळेत घेऊन आली, बरोबर आहे का ते तपासायला. म्हातारीने चष्मा लावून वाचलं आणि एक काना कमी असल्याचं सांगितलं.

चार्जर यूएसबी-सी असलेलाच बघा. एक हरवला तर तेवढ्या वॉटचा दुसऱ्या कंपनीचाही चालतो. गोल पिनेचा हरवला की बाजार पालथा घालावा लागतो. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, कीबोर्ड वेगळा मिळतो का, बिजागरी मिळते का, आणि दुरुस्ती सोलापुरात होते की पुण्याला पाठवावं लागतं. पुण्याला गेलेला आमचा एक लॅपटॉप सहामाही परीक्षेनंतर परतला.

विसांपैकी आज सतरा चालू आहेत. एकावर पाण्याची बाटली सांडली, एकाची बिजागरी तुटली. तिसरा तसा धडधाकट आहे, फक्त त्याची स्पेसबार कोणीतरी उचकटून नेली. सहावी 'ब' वर माझा संशय आहे, पण अजून कोणी कबूल होत नाही.