चादरीखाली गुदमरलेला इन्व्हर्टर

सोलापुरात पोचल्या दिवशीच चार चादरी घेतल्या आणि ठेवायच्या कुठे म्हणून आमच्या राहत्या गाडीतल्या (कॅम्पर व्हॅनमधल्या) बाकाखाली कोंबल्या. त्याच बाकाखाली १५०० वॅटचा इन्व्हर्टर होता, म्हणजे बॅटरीची १२ व्होल्टची वीज घरगुती उपकरणांना चालेल अशी करणारी पेटी. दुसऱ्या दिवशी दुपारी, एप्रिलच्या उन्हात, इंडक्शनवर चहा ठेवला. पाच मिनिटांत टूं टूं आणि जळका वास. फ्रीज आणि दिवे थेट १२ व्होल्टवर असल्यामुळे निभावलं, नाहीतर दूधही गेलं असतं.

नवा घ्यायच्या आधी व्होल्ट मोजायचं मीटर लावा. बॅटरीवर १३.२ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकांवरही तेवढेच, फ्यूज शाबूत. म्हणजे वीज पोचत होती, पेटीच मेली होती.

अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या खडखडाटात, एक ऑटो इलेक्ट्रिशियन सापडला. त्याने झाकण उघडलं, मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) काळेठिक्कर. "मालक, ह्याला वारंच नाही की! चादर पांघरून झोपवलाय हो." आमची ही खिडकीतून बाहेर बघत राहिली.

शेजारच्या दुकानात घरगुती इन्व्हर्टर स्वस्तात मिळत होता. नको म्हणालो. त्याचा चार्जर लेड बॅटरीच्या हिशेबाचा, माझी बॅटरी लिथियम. शिवाय ९०० व्हीएवर इंडक्शन चालायचं नाही. मोठा २००० वॅटचाही टाळला. १५०० वॅटलाच १२ व्होल्टवर १२५ अँपिअर लागतात, तूट धरून १४०च्या वर. त्याहून मोठा घ्यायचा तर केबल, फ्यूज सगळंच बदलावं लागतं. शेवटी तेवढ्याच वॅटचा, प्युअर साईन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा घेतला. केबल तीच ३५ चौरस मिलिमीटरची, पण प्लसचा लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) ढिला होता, मुळाशी प्लास्टिक पिवळं पडलेलं. तो कापून नवा दाबून घेतला.

काढताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. आणि जोडताना इन्व्हर्टरचा स्विच बंद. तरी ठिणगी उडतेच, आतले वीज साठवणारे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून. त्या इलेक्ट्रिशियन पोराने हेडलाइटचा जुना बल्ब मायनसच्या जोडात मध्ये धरला. बल्ब लख्ख पेटला, हळूहळू मंदावून विझला, मग त्याने मायनस आवळला. चटका नाही, आवाज नाही. मी इतकी वर्षं पाना टेकवून ठिणगी खात आलोय. इन्व्हर्टरची बॉडी गाडीच्या चॅसिसला वायरने जोडून अर्थिंग करायलाही तो विसरला नाही.

बाकाच्या फळीला पंख्यासमोर जाळी कापून बसवली, चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडली. चादरी आता वर, गादीवर.